काळं तेल, निळा धूर

आमच्या घरी एक मोटरसायकल आहे. शंभर सीसी, फोर स्ट्रोक, नोंदणी मार्च २००२ ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे बिघाड सांगणार आहे त्यात कंपनीचा दोष नाही. दोष माझा आहे. बाबांचे गुडघे २०१९ मध्ये गाडी चालवायला नाही म्हणाले, तेव्हा चावी माझ्याकडे आली. तेव्हापासून मी पेट्रोल भरलं, हवा भरली, एकदा सीट कव्हर बदललं. ऑईल शेवटचं कधी बदललं, हे मला आठवत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात गाडी निळा धूर सोडायला लागली. सिग्नलला दोन मिनिटं थांबून निघालो की मागचा रिक्षावाला नाकाला रुमाल लावायचा. एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने दोनदा रेस केली, सायलेन्सरमागे हात धरला आणि म्हणाला, "इंजिन बसलंय. बोअर करावं लागेल. त्या खर्चात काय राहिलंय, भंगारात द्या." दोन मिनिटांत निकाल लागला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर पडला आणि लॉग न बघताच कोणी 'नवीन घ्या' म्हणालं, तर त्याचं कोणी ऐकत नाही. म्हणून घरी येऊन बाबांना सहज विचारलं, गाडीचा लॉग कुठे असतो? बाबांनी तीसेक वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून काम केलंय. पेपर खाली न ठेवताच ते म्हणाले, "तेलात. पण वाचायला यायला पाहिजे."

मग मी वाचायला शिकलो. आणि शिकता शिकता लक्षात आलं, की तेल वाचायची ही विद्या आपल्या कल्याण-ठाण्याच्या रुळांवर मोटरसायकलीच्या कितीतरी आधी येऊन पोचली होती.

हात लावून बघणारी माणसं

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे आपण शाळेत पाठ करतो. १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत पोचली. त्या गाड्यांना वंगण काय होतं, हे शाळेत कोणी सांगत नाही. जमिनीतून खनिज तेल काढायचा धंदा अजून उभाच राहिला नव्हता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकची प्रसिद्ध विहीर १८५९ ची. त्याआधीची यंत्रं जगभर चरबीवर आणि वनस्पती तेलांवर चालत. आपल्याकडची बैलगाडी तशीच चालायची, फक्त तिचं वंगण सुकलं की ती करकरून सांगायची. आगगाडीचा आस सांगायला लागतो तोवर तो तापलेला असतो.

म्हणून रेल्वेत एक काम कायमचं तयार झालं. गाडी स्टेशनात आली की डब्यांच्या कडेने चालत जायचं, आसाच्या पेटीला हात लावायचा, वास घ्यायचा. तेल संपलेली पेटी तापते आणि जळका वास येतो. याला 'हॉट ॲक्सल' म्हणतात. आता रोलर बेअरिंग आली, तापमान दुरून मोजणारी उपकरणं आली, पण हा शब्द रेल्वेत अजून आहे. तेलाचं निदान म्हणून माणसाने जे पहिलं केलं ते इतकं साधं होतं: हात आणि नाक.

तेल नेमकं काय करतं, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. समजूत अशी, की तेल दोन धातूंच्या मध्ये बसून त्यांना गुळगुळीत करतं. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर तेल भोकातून आत जाण्याऐवजी बाहेर उसळलं. त्याने भोकात बूच मारलं. बूच ढकललं जाऊन बाहेर आलं. मग त्याने तिथे प्रेशर गेज लावलं आणि दिसलं, की आतल्या तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भारापेक्षा कितीतरी जास्त आहे. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारख्या फटीत ओढत होता आणि त्या दाबावर तरंगत होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं.

म्हणजे चांगल्या अवस्थेतल्या बेअरिंगमध्ये धातू धातूला लागतच नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि सगळा भार त्यावर असतो. तेल कमी झालं, पातळ झालं किंवा त्यात पाणी-पेट्रोल मिसळलं की तो थर तुटतो. तेलाचं निदान म्हणजे हा थर टिकलाय का आणि नसेल तर कशामुळे तुटला, याचा शोध. रेल्वेच्या आसाला हे लागू होतं तसं आमच्या शंभर सीसीच्या क्रँकलाही होतं.

एरंडेल ते बाटलीवरचे आकडे

सुरुवातीच्या मोटरींना एरंडेल आवडायचं. तापल्यावरही ते धातूला धरून राहतं. चार्ल्स वेकफिल्डने १८९९ मध्ये लंडनमध्ये काढलेल्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या नव्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' नाव दिलं, ते कॅस्टर म्हणजे एरंडावरून. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांच्या विमानांत एरंडेल वापरलं जायचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. इंजिन ते जाळून मागे फेकायचं आणि वैमानिकाच्या नाकातोंडात ते जायचं. पोटावर काय परिणाम व्हायचा, हे आपल्याकडे आजीच्या हातून एरंडेल प्यायलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

एरंडेलाची खोड अशी, की जळल्यावर त्याचा चिकट थर बसतो. खनिज तेल स्वस्त होतं, पण प्रत्येक तेल वेगळं. १९११ मध्ये अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने तेलाच्या दाटपणाला क्रमांक दिले. आज बाटलीवर '२०डब्ल्यू-४०' लिहिलेलं असतं, तो त्याच क्रमांकांचा वंश. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंड असताना हे तेल २०डब्ल्यूच्या कसोटीत बसतं आणि तापल्यावर ४० नंबरइतकं दाट राहतं, एवढाच त्याचा अर्थ. तेल चांगलं की वाईट, हे तो आकडा सांगत नाही.

पुढे १९३० आणि ४० च्या दशकांत तेलात रसायनं मिसळायला लागले. काही काजळी धुऊन ती तेलातच तरंगत ठेवतात. काही धातूवर बलिदानाचा थर बनवतात, म्हणजे तेलाचा थर तुटला तर आधी तो थर झिजतो, धातू नंतर. इथे निदानाची एक जुनी खूण बदलली. पूर्वी काळं तेल म्हणजे खराब तेल. आता तेल काळं होतंय म्हणजे काजळी इंजिनच्या भिंतींवर न बसता तेलात येतेय, म्हणजे ते काम करतंय. रंगावरून तेल बाद करणारा माणस अजून सगळीकडे भेटतो. हजार किलोमीटर चालूनही तेल मधासारखं स्वच्छ राहिलं तर त्याने खुश होऊ नये, आणि काळं झालं तर घाबरू नये.

मग तेल खरंच वाचायचं कसं? यातही रेल्वेच पुढे होती. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांचं वापरलेलं तेल प्रयोगशाळेत जाळून त्याच्या प्रकाशात कोणते धातू दिसतात ते बघायला सुरुवात केली. तेलात तांबं वाढलं तर बेअरिंग झिजतंय, लोखंड वाढलं तर सिलिंडर किंवा रिंग. इंजिन न उघडता त्याच्या पोटात काय चाललंय ते कळायला लागलं. डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये तेलाचे नमुने तपासणं हे पुढे नेहमीचं काम झालं, आपल्याकडेही. आमच्या कल्याणला डिझेल लोको शेड आहे. लहानपणापासून लोकलच्या खिडकीतून ती शेड बघत आलो, पण तिथे तेलाचं रक्त तपासल्यासारखं काही होत असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

धुराचा अर्थ बदलला ते वर्ष

आता आपल्या दुचाकींकडे येऊ. ठाण्याच्या जरा अलीकडे भांडुपला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता. तिथे लँब्रेटा स्कूटर बनायच्या. पुण्यात आकुर्डीला बजाज. १९७२ मध्ये चेतक आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. या सगळ्या टू स्ट्रोक. पुढे आलेली यामाहा आरएक्स १०० सुद्धा टू स्ट्रोक.

टू स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर आत जातं, क्रँकला आणि पिस्टनला वंगण देतं आणि पेट्रोलबरोबरच जळून बाहेर जातं. त्यामुळे तेलाची आठवण रोज ठेवावी लागायची. पेट्रोल पंपावर टू-टी ऑईलचं वेगळं छोटं मशीन असायचं. दोन लिटर पेट्रोल म्हटलं की पुढचं वाक्य तेलाचं. विसरलात तर काही किलोमीटरमध्ये पिस्टन जाम. बाबांची पहिली गाडी सेकंडहँड स्कूटर होती. ते सांगतात, "सकाळी पहिली किक मारली आणि धूर आला, की बरं वाटायचं. तेल पडलंय हे कळायचं. धूर नाही दिसला तर पोटात गोळा."

म्हणजे एका अख्ख्या पिढीला धूर ही तब्येतीची खूण होती.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर स्ट्रोक, मायलेज भरपूर. तिची जाहिरात देशभर गाजली: 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. भरा, बंद करा, विसरा. ते पेट्रोलबद्दल होतं, आणि पेट्रोलबाबतीत खरंही होतं. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मोटरसायकलींनी खपात स्कूटरला मागे टाकलं. प्रदूषणाचे नियमही १९९१, १९९६, २००० असे कडक होत गेले आणि टू स्ट्रोक मागे पडली. दिल्लीत तर १९९८ च्या अखेरीस सुटं टू-टी ऑईल विकणंच बंद झालं. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं.

पण फोर स्ट्रोकमध्ये तेल जळून जात नाही. ते इंजिनच्या तळाशी राहतं आणि तेच तेच फिरत राहतं. शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम एक लिटर. तेच तेल क्रँकला, तेच कॅमला, तेच गिअरना आणि त्याच तेलात बुडालेला क्लच. संपत नाही म्हणून आठवण होत नाही, आणि फिरत राहतं म्हणून खराब होत राहतं. धुराचा अर्थही उलटा झाला. टू स्ट्रोकचा निळा धूर म्हणजे तेल आहे. फोर स्ट्रोकचा निळा धूर म्हणजे तेल जिथे जायला नको तिथे जातंय.

मी ज्या वर्षांत मोठा झालो ती 'विसरा'ची वर्षं. मला मायलेज माहीत होतं. डिपस्टिक कुठे असते, हे माहीत नव्हतं.

चहाच्या रंगाचं तेल

एक आठवण मात्र पक्की आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. पण उल्हास नदी त्या दिवशी बदलापूरपासून कल्याणपर्यंत कशी पसरली, ते आमच्या भागात अजून सांगतात. आम्ही तेव्हा कल्याणला खाडीच्या बाजूला राहायचो. बाबा ठाण्यात अडकले. दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत घरी पोचले. गाडी अंगणात होती, तीन वर्षांची, सीटपर्यंत चिखलाची रेघ.

आजूबाजूला लोक आपापल्या गाड्यांना किक मारत होते. बाबांनी मारली नाही, मलाही हात लावू दिला नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि किक मारली, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी आधी प्लग काढला, मग खालचा नट खोलून तेल एका तसराळ्यात सोडलं. दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. बाबा बघून म्हणाले, "हे तर कुलंट झालं."

वागळे इस्टेटमध्ये लेथवर कापताना टूलवर जे सोडतात ते कटिंग ऑईल पाण्यात मिसळलेलं असतं आणि पांढरं दुधासारखं दिसतं. तेलात पाणी मिसळलं की काय दिसतं, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. १९६२ मध्ये एमआयडीसी सुरू झाली ती वागळे इस्टेटमधूनच, आणि अशा किती वर्कशॉपमधून किती जण हे डोळे घेऊन संध्याकाळच्या लोकलने घरी यायचे. बाबांनी त्या आठवड्यात स्वस्तातलं तेल तीनदा घातलं आणि थोडं चालवून तीनदा काढलं. तिसऱ्यांदा ते दुधाळ आलं नाही. मग चांगलं तेल. गाडी वाचली ती अशी.

पूर नसतानाही हे होतं. पावसाळ्यात घर ते स्टेशन अशा दीड किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ बाहेर जात नाही. तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते. थोडीच असेल तर गाडी एकदा अर्धा-पाऊण तास नीट पळवा. तेलच दुधाळ असेल तर लगेच बदला.

आमच्या गाडीची तपासणी

आता परत निळ्या धुराकडे. 'इंजिन बसलंय' याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले, खालून तेल वर चढून जळतंय. पण तेल वरूनही येऊ शकतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराचं छोटं सील असतं. ते कडक झालं की हेडमधलं तेल दांड्यावरून सिलिंडरमध्ये उतरतं. धूर दोन्हीकडे निळाच. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. बाबांनी खुर्ची गॅलरीत घेतली आणि मी खाली पार्किंगमध्ये. सूचना वरून.

पहिलं, मोजणं. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर. इंजिन काही मिनिटं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिक पुसून बघायची. आमच्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. मी फिरवून घट्ट करून बघत होतो, म्हणून पातळी खरी होती त्यापेक्षा जास्त दिसत होती. तुमच्या गाडीचं तुमच्या पुस्तिकेत बघा. वरच्या खुणेपर्यंत तेल भरलं. स्पीडोमीटरची केबल कधीच तुटलेली, म्हणून अंतर फोनच्या मॅपवर. सहाशे किलोमीटरमध्ये साधारण तीनशे मिली तेल गायब. एक लिटरही न मावणाऱ्या गाडीला हे फार आहे. पातळी वाढलेली दिसली असती तर शंका वेगळी घ्यावी लागली असती: कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल तेलात उतरतंय का. तेव्हा डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो आणि तेल पाण्यासारखं पातळ लागतं. तशी गाडी चालवूच नये.

दुसरं, गळती. इंजिन बाहेरून रॉकेलने धुतलं, पुसलं, वर टाल्कम पावडर मारली, खाली रात्रभर पुठ्ठा. क्लच कव्हरच्या कडेला पावडर ओली झाली, पुठ्ठ्यावर चार थेंब. तीनशे मिलीचा हिशोब त्यात लागत नाही. पण बाबांनी वरून विचारलं, "ब्रीदर बघितलास?" इंजिनच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी रबराची नळी. ती चिखलाने बुजली होती. दाबाला वाट नसली की तो गॅस्केटमधून वाट काढतो. नळी साफ केल्यावर कव्हरची गळती जवळपास थांबली. गॅस्केट बदललं असतं तर नवं गॅस्केटही गळलं असतं.

तिसरं, धूर कधी येतो. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. रविवारी सकाळी मित्राला मागून त्याच्या गाडीवर यायला सांगितलं. पत्रीपुलाच्या चढावर थ्रॉटल भरपूर दिलं: धूर जवळपास नाही. उतारावर गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण बंद केलं आणि खाली येऊन एकदम उघडलं: निळा लोट. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये ओढ जास्त असते. सील गेलेलं असेल तर ती ओढ वरून तेल खेचते. सिग्नलला थांबून निघाल्यावर धूर यायचा, त्याचं कारणही हेच. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, भाराखाली, सतत धूर दिसला असता.

चौथं, कॉम्प्रेशन. ओळखीच्या एका काकांकडून गेज आणलं. इंजिन गरम, प्लग काढून गेज लावलं, थ्रॉटल पूर्ण उघडून किक. कोरडं असताना १४० पीएसआय. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा: १५०. तेल रिंगांभोवतीची फट थोडा वेळ बुजवतं. आकडा खूप उसळला असता तर रिंगा झिजल्या म्हणायचं. दहाने वाढला, म्हणजे तेवीस वर्षांची झीज आहे, पण इंजिन बसलेलं नाही.

पाचवं, खुद्द तेल. गरम असताना सोडलं. काळं, त्याचं काही नाही. तळाच्या नटाला चुंबक लावून बघितलं: राखाडी बारीक लव, ती असतेच. पापुद्रे किंवा कण नाहीत. चुंबकाला न चिकटणारी चमक वेगळी बघायची असते, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा. तीही नव्हती. पण जाळी अर्धी बुजलेली, आणि क्लच कव्हर उघडल्यावर आतल्या फिरत्या फिल्टरमध्ये काळा लगदा गच्च बसलेला. या जुन्या शंभर सीसींमध्ये कागदी फिल्टर नसतो. फिरण्याच्या जोराने कचरा कडेला फेकणारी वाटी असते. ती उघडून साफ करावी लागते. नुसतं तेल बदलून ती साफ होत नाही.

आणि एक पाप कबूल करायचं राहिलं. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या कारचं उरलेलं महागडं तेल मी गाडीत टॉप-अप म्हणून घातलं होतं. तेव्हापासून चढावर इंजिनचा आवाज वाढायचा, वेग वाढायचा नाही. क्लच सटकत होता. कारचा क्लच तेलात नसतो, म्हणून पेट्रोल वाचवण्यासाठी कारच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि त्याला घर्षणच हवं असतं. हा घोटाळा जगभर झाला, म्हणून जपानमध्ये १९९८ मध्ये जासोचं मानक आलं. मोटरसायकलच्या बाटलीवर 'जासो एमए' बघून घ्यायचं ते यासाठी. महाग म्हणजे चांगलं, हे माझं तर्कशास्त्र बाबांनी गॅलरीतून ऐकलं आणि काही बोलले नाहीत.

तीन हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

एक हिशोब मी स्वतः केला, बाबांनी मान्य केला. तेल बदलायचं अंतर किलोमीटरमध्ये दिलेलं असतं. हायवेला ताशी ५० च्या सरासरीने ३००० किलोमीटर म्हणजे इंजिन ६० तास चाललं. कल्याण-शीळ रस्त्यावर सकाळी नऊला सरासरी १५ पडली तर तेवढ्याच अंतराला २०० तास. २०१८ मध्ये जुना पत्रीपूल पाडला आणि २०२१ मध्ये नवा सुरू झाला, मधली दोन वर्षं त्या कोंडीत इंजिन चालू ठेवून उभे राहिलेल्या प्रत्येक गाडीच्या तेलाने ते तास मोजलेत, स्पीडोमीटरने नाही. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत थंडही होत नाही. म्हणून आपल्या भागात तेल अंतराआधी बदलावं आणि पातळी पंधरा दिवसांनी बघावी. पूर्वी पेट्रोल भरताना रोज जी आठवण व्हायची, ती आता आपणच ठेवायची.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. ते शेवटी वालधुनीत, उल्हासमध्ये आणि खाडीत जातं. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. जुनं तेल ड्रममध्ये साठवून अधिकृत पुनर्वापरवाल्याला देणारी गॅरेजं असतात. विचारून तिथेच द्या. आणि नव्या तेलाचा रिकामा डबा कापून टाका, नाहीतर त्यात कोणी दुसरंच काही भरून विकतं.

शेवटी काकांनी हेड उतरवलं. व्हॉल्व्हची दोन्ही सीलं हातात दिली. रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं, बांगडीच्या काचेसारखं कडक. नवी सीलं, गॅस्केट, जाळी आणि फिल्टरची सफाई, बरोबर ग्रेडचं तेल. बोअरच्या खर्चाच्या पाव भागातही काम झालं.

धूर गेला. तेल अजून थोडं खाते; गेल्या सहाशे किलोमीटरमध्ये पन्नास मिली. वहीत लिहून ठेवलंय. बाबा दर दुसऱ्या रविवारी गॅलरीतून विचारतात आणि मी खालून आकडा सांगतो. पुढची पुनर्नोंदणी मार्च २०२७ ला आहे. तेव्हा गाडी ठेवायची की द्यायची, ते ठरवू. पण ते कोणी दोनदा रेस करून ठरवणार नाही. वही उघडून आम्ही ठरवू.